वेस्टमिन्स्टरचे भुयारी स्थानक असे का आहे?

लंडनमधील वेस्टमिन्स्टर हे भुयारी स्थानक नुकतेच पाहून आलेल्या, स्थापत्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने चार प्रश्न विचारले आहेत. एकाच स्थानकातील काही फलाट रस्त्याच्या लगेच खाली आणि काही इतके खोल का? मधोमध एवढी प्रचंड पोकळी का सोडली? भिंती आणि खांब उघड्या काँक्रीटचे ठेवले, ते खर्च वाचवण्यासाठी का? आणि खालचे दोन फलाट नेहमीप्रमाणे शेजारी-शेजारी न ठेवता एकावर एक का रचले? जाता जाता तिने असेही विचारले आहे की, एवढे खोदकाम झाल्यावर शेजारच्या बिग बेनच्या मनोऱ्याला काहीच कसे झाले नाही.

खोल खोदकामे आणि त्यांच्या शेजारच्या इमारती हे माझे गेल्या तीस वर्षांचे काम असल्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करण्याचा मोह होतो. पण तो प्रश्न आधीच्या चार प्रश्नांच्या पोटात आहे, म्हणून थोडे धीराने जाऊ. थोडक्यात उत्तर असे की, या स्थानकाचा आकार शेजाऱ्यांनी ठरवला आहे. एका बाजूला थेम्स नदी, दुसऱ्या बाजूला संसदेचा राजवाडा आणि त्याचा घड्याळाचा मनोरा, डोक्यावर संसदेचीच एक नवी इमारत आणि या सगळ्यांच्या मधून तिरकी जाणारी, एक दिवसही बंद ठेवता न येणारी जुनी रेल्वे, एवढ्यांच्या मध्ये जी जागा उरली तिच्यात हे स्थानक बसवलेले आहे. तुम्हाला जे जे विचित्र वाटले, त्यातील प्रत्येक गोष्टीमागे या शेजाऱ्यांपैकी कोणी ना कोणी उभा आहे.

सर्वात जुना शेजारी म्हणजे वरची रेल्वे. जगातील पहिली भुयारी रेल्वे 10 जानेवारी 1863 रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या टप्प्यात सुरू झाली. तिच्या पाठोपाठ आलेल्या मेट्रोपॉलिटन डिस्ट्रिक्ट रेल्वेने 24 डिसेंबर 1868 रोजी साऊथ केन्सिंग्टनपासून वेस्टमिन्स्टरपर्यंतचा मार्ग उघडला, आणि त्या दिवशी 'वेस्टमिन्स्टर ब्रिज' या नावाने हे स्थानक जन्माला आले. 'वेस्टमिन्स्टर' हे आजचे नाव त्याला 1907 मध्ये मिळाले. दोन्ही रेल्वेंचे अभियंते जॉन फाउलर होते आणि पद्धतही एकच होती. रस्ता किंवा मोकळी जागा उघडून चर खणायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती उभारायच्या, वर कमान किंवा लोखंडी तुळया टाकायच्या आणि रस्ता पुन्हा पूर्ववत करायचा. आपण आज जिला 'कट अँड कव्हर' म्हणतो, ती हीच. या पद्धतीत जितके खोल जाल तितका चर रुंद आणि महाग होत जातो, म्हणून रूळ शक्य तितके वर ठेवले जातात. शिवाय गाड्या वाफेच्या इंजिनांच्या होत्या; धूर आणि वाफ बाहेर जाण्यासाठी मध्ये मध्ये उघडे आकाश हवेच होते. खोल भुयारात ते इंजिन चालवणे शक्यच नव्हते. वरचे फलाट रस्त्याच्या लगेच खाली असण्याचे कारण इतके साधे आहे.

मात्र ही रेल्वे वेस्टमिन्स्टरला येऊन थबकली, तिची कथा साधी नाही. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सला जी भयंकर दुर्गंधी सुटली, तिच्यामुळे संसदेत बसणेही अशक्य झाले आणि शहराच्या सांडपाण्याची नवी व्यवस्था करण्याचे काम जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याकडे आले. नदीत मिसळणारे सांडपाणी काठावरच अडवून पूर्वेकडे नेणाऱ्या मोठ्या गटारांपैकी एक थेम्सच्या उत्तर काठाने न्यायचे होते. बॅझलगेटने त्यासाठी नदीच्या पात्रातच भर घालून नवा काठ बांधला, तो व्हिक्टोरिया एम्बँकमेंट. त्या एकाच भरावात खाली गटार, शेजारी रेल्वेचे भुयार आणि वर रस्ता अशी तिहेरी व्यवस्था बसवलेली आहे. भराव तयार होईपर्यंत रेल्वेला पुढे जायला जमीनच नव्हती, त्यामुळे वेस्टमिन्स्टर ते ब्लॅकफ्रायर्स हा टप्पा 30 मे 1870 रोजी सुरू झाला. तोपर्यंतचे सुमारे सतरा महिने वेस्टमिन्स्टर हे शेवटचे स्थानक होते. शहराची स्वच्छता, वाहतूक आणि नदीचा काठ हे तीन प्रश्न एकाच बांधकामात सोडवणारी माणसे मला आजही फार मोठी वाटतात. कारण तीन खात्यांची कामे एका चरात आणणे आजही किती अवघड जाते, हे मी जवळून पाहिले आहे.

आता खोल फलाटांकडे वळू. लंडनच्या मध्यभागी वरचा भराव आणि वाळू-खडीचा थर ओलांडला की खाली 'लंडन क्ले' नावाची घट्ट, निळसर-करडी चिकणमाती लागते. ही माती भुयार खणणाऱ्याची मैत्रीण आहे. ती हत्याराने कापता येण्याइतकी मऊ आहे, पण आधार देईपर्यंत काही काळ स्वतःहून उभी राहण्याइतकी ताठही आहे आणि तिच्यातून पाणी जवळपास झिरपत नाही. वीज आणि गोल पोलादी ढाल, म्हणजे 'शील्ड', ही दोन साधने हाती आल्यावर रस्ता न उकरता या मातीतून नळीसारखी भुयारे नेता येऊ लागली. 1890 मध्ये सुरू झालेली सिटी अँड साऊथ लंडन ही विजेवर चालणारी पहिली खोल भुयारी रेल्वे. म्हणून लंडनमध्ये दोन पिढ्यांच्या भुयारी रेल्वे आहेत: उथळ, रुंद भुयारांच्या जुन्या, आणि खोल, अरुंद नळ्यांच्या नव्या. वेस्टमिन्स्टरला 1868 पासून 1999 पर्यंत फक्त पहिल्या पिढीची रेल्वे होती. दुसरी आली ती ज्युबिली मार्गाच्या विस्ताराने.

ज्युबिली मार्ग 1979 मध्ये सुरू झाला तेव्हा चेरिंग क्रॉसला संपत होता. पुढे पूर्वेकडच्या जुन्या गोदींच्या भागात कार्यालयांचे नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा हा मार्ग ग्रीन पार्कपासून वळवून वेस्टमिन्स्टर आणि वॉटर्लूमार्गे स्ट्रॅटफर्डपर्यंत नेण्याचे ठरले. विस्तारावर अकरा स्थानके होती. त्यांचे मुख्य वास्तुविशारद रोलँड पाओलेत्ती यांनी याआधी हाँगकाँगच्या भुयारी रेल्वेचे काम केले होते. एकच नमुना अकरा वेळा वापरण्याऐवजी त्यांनी वेगवेगळ्या वास्तुविशारदांना वेगवेगळी स्थानके दिली. कॅनरी वॉर्फ नॉर्मन फॉस्टर यांच्याकडे गेले, साउथवर्क रिचर्ड मॅककॉर्मॅक यांच्याकडे आणि वेस्टमिन्स्टर मायकेल हॉपकिन्स यांच्याकडे. हॉपकिन्स यांच्याकडे त्याच जागेवर संसद सदस्यांच्या कार्यालयांची नवी इमारत बांधण्याचे कामही होते. तीच आजची पोर्टकुलिस हाऊस. म्हणजे वरची इमारत आणि तिच्या पायाखालचे स्थानक यांचा विचार एकाच टेबलावर झाला, आणि ही गोष्ट किती दुर्मीळ आहे हे बांधकामात असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आता पोकळीचा प्रश्न. नवीन मार्ग इथे नदीखालून जाणार असल्यामुळे त्याला खोल असणे भागच होते. प्रवाशाला रस्त्यावरून त्या खोलीपर्यंत नेण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे तिकीटघरापासून तिरके भुयार खणून त्यात सरकते जिने बसवायचे. जुन्या बहुतेक स्थानकांत हेच आहे. पण इथे तिरके भुयार न्यायला जागाच नव्हती; दक्षिणेला मनोरा, पूर्वेला नदी, वर जुने रूळ. दुसरा मार्ग म्हणजे सरळ खाली एक प्रचंड चौकोनी खड्डा करून त्याच्या आतच जिने एकमेकांवर आडवेतिडवे रचायचे. हा खड्डा, ज्याला आम्ही 'स्टेशन बॉक्स' म्हणजे स्थानकाची पेटी म्हणतो, सुमारे 39 मीटर खोल गेला. त्या वेळी मध्य लंडनमध्ये एवढे खोल खोदकाम झालेले नव्हते.

असा खड्डा करताना आधी भिंत आणि मग खोदाई हा क्रम असतो, हे विद्यार्थ्यांना पहिल्यांदा ऐकताना नवल वाटते. सुमारे एक मीटर जाडीची, काही मीटर लांबीची एक फट जमिनीत खोलवर कापायची. ती कोसळू नये म्हणून कापताना तिच्यात बेंटोनाइट मातीचे दाट पाणी सतत भरलेले ठेवायचे. त्या पाण्याचा दाब फटीच्या दोन्ही बाजूंना आतून रेटून धरतो. तळ गाठला की लोखंडी सळ्यांचा अख्खा पिंजरा क्रेनने त्या गढूळ पाण्यात सोडायचा आणि एका लांब नळीने तळापासून वर काँक्रीट भरत यायचे. काँक्रीट जड असल्यामुळे ते बेंटोनाइटला वर ढकलून बाहेर काढते. असे एकामागून एक तुकडे जोडले की जमिनीत चारही बाजूंनी भिंत तयार होते आणि आतल्या मातीचा एक घनमीटरही अजून हललेला नसतो. या भिंतीला 'डायाफ्राम वॉल' म्हणतात. त्यानंतर आतली माती काढत खाली जायचे आणि प्रत्येक टप्प्यावर समोरासमोरच्या भिंतींमध्ये आडवे आधार ठोकायचे. नाहीतर बाहेरच्या मातीच्या दाबाने भिंती आत वाकतील. वेस्टमिन्स्टरला यापुढचीही एक काळजी घेतली गेली. खड्ड्याच्या भावी तळाच्याही खाली, खोदाई सुरू होण्यापूर्वीच, लहान भुयारे खणून त्यांत काँक्रीटचे आडवे आधार तयार केले गेले. कारण भिंतीचा तळाकडचा भाग सर्वात खोल असतो, त्याला आधार सर्वात शेवटी मिळतो आणि तोपर्यंत तो आत सरकून गेलेला असतो. खोदाईच्या आधीच तिथे टेकू देऊन ठेवल्यामुळे भिंत मुळात फारशी हललीच नाही.

तुम्ही सरकत्या जिन्यावरून पाहिलेल्या, पोकळीतून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जाणाऱ्या जाडजूड पोलादी नळ्या म्हणजे हेच आडवे आधार. बहुतेक ठिकाणी तात्पुरते आधार काढून टाकतात आणि मजल्यांचे स्लॅब त्यांची जागा घेतात. इथे पोकळी ठेवायची असल्यामुळे मजले पूर्ण भरून टाकता आले नाहीत, आणि म्हणून आधार कायमचे राहिले. तुमचा तिसरा प्रश्न इथेच सुटतो. काँक्रीट उघडे ठेवले ते काटकसरीपोटी नव्हे. ती भिंत, ते खांब आणि त्या नळ्या प्रत्यक्ष जमिनीचा आणि वरच्या इमारतीचा भार पेलत आहेत. पोर्टकुलिस हाऊसला स्वतःचा वेगळा पाया नाही, तिचे ओझे याच पेटीच्या भिंतींवरून आणि आतल्या खांबांवरून खाली जाते. हॉपकिन्स यांनी ते झाकले नाही. चांगले उघडे काँक्रीट हे गिलाव्यापेक्षा स्वस्त असते, हा समज चुकीचा आहे. गिलाव्याखाली सांध्याची एखादी चूक लपते. उघड्या काँक्रीटमध्ये शटरिंगची फळी जरा सरकली तरी ती खूण शंभर वर्षे राहते. त्या खांबाजवळ उभे राहून एकदा हात फिरवून पाहिलात तर किती निगुतीने काम झाले आहे ते कळेल.

पोकळीचे आणखी एक कारण आहे आणि ते दुःखद आहे. 18 नोव्हेंबर 1987 रोजी किंग्ज क्रॉस स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली साचलेल्या तेलकट कचऱ्याने पेट घेतला. जिन्याच्या तिरक्या घळीत ज्वाला वर न उठता पायऱ्यांना चिकटून आडव्या धावल्या आणि काही क्षणांत वरचे तिकीटघर पेटले. 31 माणसे गेली. चौकशीनंतर लंडनच्या भुयारी स्थानकांचे नियम मुळापासून बदलले. जळणारे साहित्य हद्दपार झाले, आणि प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडायला एकाहून अधिक वाटा हव्यात, ही गोष्ट आराखड्याच्या पहिल्या रेघेपासून पाळावी लागली. ज्युबिली विस्ताराची स्थानके त्या आगीनंतर आखलेली आहेत. प्रशस्त जागा, समोर दिसणारी वाट, दोन्ही टोकांना सुटकेचे मार्ग आणि फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे ही त्या पिढीची ओळख आहे. अरुंद, वळणावळणाच्या बोळांतून जाताना माणूस दिशा हरवतो. वेस्टमिन्स्टरच्या पेटीत तुम्ही कुठेही उभे असलात तरी वर कुठे आणि खाली कुठे हे डोळ्यांना दिसते, आणि धुराच्या वेळी हे समजणे जिवाइतके मोलाचे असते.

जुन्या रेल्वेचे काय झाले, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिस्ट्रिक्ट आणि सर्कल मार्गाच्या गाड्या या सगळ्या काळात चालू होत्या. त्यांचे रूळ पेटीच्या वरच्या भागातून तिरके जातात. म्हणजे ज्या जमिनीवर ते 1868 पासून टेकलेले होते, ती जमीनच खालून काढून घ्यायची होती. त्यासाठी रुळांखाली नवे तुळईचे काम घालून त्यांना पुलासारखे पेलले गेले. त्यातच वरच्या इमारतीचा तळमजला रस्त्याच्या पातळीत यावा म्हणून रूळ सुमारे 300 मिलिमीटर खाली घ्यावे लागले. चालत्या मार्गाचे रूळ एका रात्रीत फूटभर खाली नेता येत नाहीत. शेवटची गाडी गेल्यानंतर आणि पहाटेची पहिली गाडी येण्यापूर्वी जे थोडके तास मिळतात, त्यांत दर वेळी काही मिलिमीटर असे करत हे काम झाले. सकाळी फलाटावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाला काही कळलेही नसेल.

आता एकावर एक फलाट. भुयार खणताना, कितीही काळजी घेतली तरी, भुयाराच्या मापापेक्षा थोडी जास्त माती आत येते. कापलेल्या तोंडाशी माती सैल होऊन पुढे सरकते, भुयाराच्या अस्तराच्या कड्यांमागची बारीक फट भरताना थोडी दबते. तेवढी जागा वर जमिनीपर्यंत उथळ खोलगटीच्या रूपाने उमटते. या खोलगटीचा आकार घंटेच्या उलट्या वक्रासारखा असतो, हे मृदा-अभियंते राल्फ पेक यांनी 1969 मध्ये मांडले आणि आजही पहिला अंदाज त्याच वक्राने काढतात. एक उदाहरण करून पाहा. फलाटाच्या भुयाराचा व्यास सुमारे साडेसात मीटर धरला तर त्याच्या छेदाचे क्षेत्रफळ 44 चौरस मीटर येते. त्यातील दीड टक्का माती जास्त निघाली असे धरले तर दर मीटर लांबीला 0.66 घनमीटर. भुयार 30 मीटर खोल असेल तर चिकणमातीत खोलगटीच्या रुंदीचे परिमाण त्याच्या निम्मे, म्हणजे 15 मीटर घेतात. 0.66 ला 2.5 (हा त्या वक्राचा ठरलेला गुणक) गुणिले 15 ने भागले की मध्यावरचे खचणे सुमारे 18 मिलिमीटर येते आणि ते बाजूंना पसरत 40-45 मीटरपर्यंत विरत जाते. ही संख्या एका भुयाराची; इथे दोन होती, शिवाय शेजारी 39 मीटरचा खड्डा. हे गणित माझे, समजावण्यापुरते आहे. प्रत्यक्ष कामावर त्याहून कितीतरी बारकाईने मोजले जाते.

दोन भुयारे शेजारी-शेजारी ठेवली असती तर त्यांतील एक मनोऱ्याच्या दिशेने आणखी दहा-पंधरा मीटर सरकले असते. एकावर एक ठेवल्यामुळे दोन्ही पेटीला चिकटून, ब्रिज स्ट्रीट या रस्त्याखाली, मनोऱ्यापासून शक्य तितकी दूर राहिली. वरच्या भुयारात वॉटर्लूकडे म्हणजे पूर्वेला जाणारी गाडी येते आणि खालच्यात ग्रीन पार्ककडे जाणारी. म्हणूनच एका दिशेच्या प्रवाशाला आणखी एक मजला उतरावे लागते. त्या जादा पायऱ्या मनोऱ्यासाठी आहेत, असे समजा.

पेटीची जवळची कड मनोऱ्यापासून सुमारे 34 मीटरवर आहे. 1859 मध्ये घड्याळ सुरू झालेला हा मनोरा, ज्याला 2012 पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात, 96 मीटर उंच आहे, आणि त्याचा पाया मात्र जेमतेम 15 मीटर बाजूचा, भरीव काँक्रीटचा एक चौकोन आहे. अशा बांधकामाला सरसकट खचण्याची भीती नसते, एका बाजूने जास्त खचण्याची असते. पायाची उत्तरेची कड दक्षिणेच्या कडेपेक्षा अवघी 3 मिलिमीटर जास्त बसली, तरी 55 मीटर उंचीवर मनोरा 11 मिलिमीटर झुकतो. पाया अरुंद आणि उंची मोठी असली की जमिनीवरची लहान चूक वर चौपट होऊन दिसते. जुन्या गवंड्याच्या हातातला ओळंबा हेच दाखवतो, आणि वेस्टमिन्स्टरला नेमका ओळंब्याचाच आधार घेतला गेला. मनोऱ्याच्या आत 55 मीटर उंचीपासून तळापर्यंत प्रकाशाचा ओळंबा लावून कल सतत मोजला जात होता.

या कामाचे सल्लागार होते लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे प्राध्यापक जॉन बर्लंड. याच आवारात 1972 ते 1974 दरम्यान संसद सदस्यांसाठी साडेअठरा मीटर खोल भूमिगत वाहनतळ बांधला गेला होता, आणि तेव्हाही मनोऱ्याची काळजी त्यांनी घेतली होती. त्या खोदकामाची मोजमापे जपून ठेवलेली होती. वीस वर्षांनी ज्युबिलीचा अंदाज बांधताना ती फार मोलाची ठरली, कारण त्याच मातीने त्याच मनोऱ्याखाली खोदाईला कसा प्रतिसाद दिला याची नोंद हाती होती. मी तरुण अभियंत्यांना नेहमी सांगतो की, काम संपल्यावर मोजमापांची वही कपाटात टाकू नका; ज्याला तिची गरज पडणार आहे तो माणूस कदाचित अजून शाळेत असेल.

मनोऱ्याला वाचवण्याची युक्ती अशी. ब्रिज स्ट्रीटमध्ये एक शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखा उभा खड्डा, खणून तिथून मनोऱ्याच्या पायाखालच्या मातीत, पंख्याच्या काड्यांसारख्या, सुमारे 50 मीटरपर्यंत लांबीच्या आडव्या पोलादी नळ्या सोडल्या गेल्या. प्रत्येक नळीला ठरावीक अंतरावर छिद्रे आणि त्यांवर रबरी वेष्टण होते. दाबाने सिमेंटचे मिश्रण, म्हणजे ग्राउट, आत सोडले की वेष्टण उचलून ते हव्या त्याच छिद्रातून मातीत शिरते, आणि दाब काढला की रबर पुन्हा बसते, म्हणजे तेच छिद्र पुढे परत वापरता येते. खालून भुयाराने जितकी जागा हिरावून घेतली, तितकी वरून हळूहळू भरून द्यायची, हे तत्त्व. याला 'कॉम्पेन्सेशन ग्राउटिंग' म्हणतात. भुयार पुढे सरके, ओळंबा काही मिलिमीटर उत्तरेकडे जाई, ठरलेली मर्यादा जवळ आली की पायाच्या उत्तर बाजूखालच्या नेमक्या छिद्रांतून थोडे मिश्रण सोडले जाई आणि मनोरा थोडा मागे येई. 1996 च्या सुरुवातीपासून 1997 च्या सप्टेंबरपर्यंत हे वीसहून अधिक वेळा करावे लागले. एकदाच भरपूर भरून मोकळे होण्याचा हा प्रकार नाही. जास्त भरले तर मनोरा दुसऱ्या बाजूला कलेल किंवा राजवाड्याशी असलेल्या जोडावर ताण येईल. भुयार खणणारे, ग्राउट भरणारे आणि मोजणारे यांचा एकमेकांशी रोजचा संवाद हीच या युक्तीची खरी किल्ली होती.

मोजमापांतून आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. ऋतूंनुसार तापमान बदलते तसा मनोरा वर्षभरात पूर्व-पश्चिम काही मिलिमीटर आपोआप हलत असतो. हे आधीपासून माहीत नसेल, तर उन्हाने झालेली हालचाल भुयाराच्या माथी मारली जाईल आणि नको तिथे ग्राउट भरले जाईल. म्हणून शेजारच्या इमारतीचे मोजमाप खोदाई सुरू होण्यापूर्वी किमान वर्षभर घेत राहावे, असा माझा आग्रह असतो. माझ्या एका कामावर ते वर्ष वाचवले गेले. नंतर एका भिंतीतील भेग आमच्यामुळे पडली की आधीची होती, हे शेवटपर्यंत ठरवता आले नाही आणि त्या घरात राहणाऱ्यांना विनाकारण दोन पावसाळे धास्तीत काढावे लागले.

ऑक्टोबर 1994 मध्ये हीथ्रो विमानतळावर खणली जाणारी रेल्वेची भुयारे कोसळली. तिथे फवारलेल्या काँक्रीटचे अस्तर देण्याची जी पद्धत वापरली होती, तीच ज्युबिलीच्या काही जागांवर चालू असल्यामुळे तिथली कामे थांबवून पुन्हा तपासली गेली, आणि एकूण विस्ताराला उशीर होण्याचे ते एक कारण ठरले. वेस्टमिन्स्टरची फलाटाची भुयारे आधी लहान व्यासाची नळी नेऊन मग ती रुंद करत केली गेली. विस्ताराचा पहिला टप्पा 14 मे 1999 रोजी पूर्वेकडे सुरू झाला आणि 20 नोव्हेंबरला मार्ग सलग जोडला गेला; पण त्या दिवशी गाड्या वेस्टमिन्स्टरला न थांबता पुढे जात होत्या. स्थानक 22 डिसेंबर 1999 रोजी, नवे वर्ष नऊ-दहा दिवसांवर असताना उघडले. पोर्टकुलिस हाऊसचे औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी 2001 मध्ये झाले.

तेव्हा मनोऱ्याला काहीच झाले नाही, असे म्हणणे बरोबर नाही. तो झुकलेला आहे, आणि तो ज्युबिलीच्या आधीपासूनच झुकलेला होता. 55 मीटर उंचीवर त्याचा वायव्येकडील कल सुमारे 230 मिलिमीटर आहे. त्यातला ज्युबिलीच्या कामाचा नियोजित वाटा जास्तीत जास्त 22 मिलिमीटर होता, म्हणजे दहावा भागसुद्धा नाही. ग्राउटिंग थांबल्यानंतरही हालचाल लगेच थांबत नाही. लंडन क्लेमधून पाणी इतके हळू सरकते की भुयारामुळे बदललेला मातीतील पाण्याचा दाब स्थिरावायला वर्षे जातात, आणि तोपर्यंत जमीन थोडी थोडी बसत राहते. खोदाई संपल्यावर मोजणी चालू ठेवायची ती त्यासाठी.

पुन्हा कधी गेलात तर पोकळीतल्या जिन्यावरून खाली उतरताना एकदा मान वर करून पाहा. डोक्यावर ज्या जाड तुळया तिरक्या गेलेल्या दिसतील, त्यांवरून 1868 ची रेल्वे अजून धावते आहे. मग खाली पश्चिमेला जाणाऱ्या गाडीच्या फलाटावर जाऊन फलाट आणि पोकळी यांमधल्या जोडवाटेची लांबी पावलांनी मोजा. पेटीची भिंत कुठे संपते आणि भुयाराचे कडे कुठे सुरू होते, तो सांधा पायाखाली ओळखता आला, तर या स्थानकाचा आराखडा तुम्हाला कागदाशिवाय काढता येईल.